टेबलावर दोन बोटं

त्या दिवशी चार वाजताचा चहा मी केला. आलं ठेचलं, पाणी उकळलं, डस्ट टाकली, दूध घातलं, तीनदा वर येऊ दिला आणि फडक्यानं गाळला. सुनेनं स्टीलची भारी गाळणी आणून ठेवली आहे, पण मला फडकंच लागतं. बायको खिडकीजवळच्या टेबलाला बसून दोडक्याच्या शिरा काढत होती. मी तिच्यापुढं कप ठेवला आणि किटलीतून ओतला. तिनं उजव्या हाताची दोन बोटं वाकवली आणि टेबलावर वाजवली. टक टक.

"टेबल काय वाजवतीस?" मी म्हणालो. "गिऱ्हाईक हाईस का तू?"

"वाजिवलं तर काय झालं? झिजलं का तुमचं टेबल?"

"अडतीस वर्षं ऐकलीय ही टकटक. घरात नको. पुन्यांदा वाजवायचं न्हाई, सांगून ठेवतो."

ती हसली. चहा प्याली. मग कप पुढं सरकवला, म्हणजे अजून अर्धा हवा होता. मी ओतला. तिनं बोटं उचलली, वाकवलीसुद्धा, आणि माझ्या तोंडाकडं बघून हात परत मांडीवर ठेवला.

एवढंच. संध्याकाळी दोडक्याची भाजी झाली, शिरांची चटणी झाली, तिनं गोळ्या घेतल्या आणि झोपली. सकाळी उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, त्यांना काही कळलं नसेल. कुणाला काय कळलं ते डॉक्टरला काय माहीत? पण बिचारे चांगल्या मनानं बोलले.

साताऱ्याला कोर्टाच्या गेटासमोर माझं चहाचं दुकान होतं. दुकान म्हणजे वर पत्रा, एक भट्टी, तीन टेबलं, सहा बाकडी. मी चौथीपर्यंत शिकलो आणि मग भट्टीपुढं उभा राहिलो. कोर्टात तारीख असलेला माणूस घाईत असतो आणि चिडलेला असतो. तो आला की टेबल वाजवायचा. कुणी नाण्यानं, कुणी किल्लीनं, कुणी बोटांनी. वकिलांचे कारकून तर दोन्ही हातांनी. मला नावानं हाक मारणारी माणसं थोडी, टेबल वाजवून मारणारी सगळी. ती टकटक झाली की माझी पाठ ताठ व्हायची. अजून होते.

बायको मागं गलास विसळायला असायची. एका उकळीचा चहा गिऱ्हाइकांत संपला की किटलीच्या तळाला जे राही ते ती उभ्या उभ्या प्यायची, अर्धं गार झालेलं. तिला बसवून, कप भरून चहा दिलाय असं तिथं एकदाही झालं नाही. मनात नव्हतं असं नाही, सुचलंच नाही. चहा गिऱ्हाइकाला द्यायचा असतो, असंच डोक्यात होतं.

मुलानं आम्हाला इकडं परदेशात आणलं, मग तिचे दोन्ही गुडघे बदलले. तिला ओट्यापाशी उभं राहवेना तेव्हा चारचा चहा माझ्याकडं आला. मी करायचा, मी ओतायचा, तिनं बसून प्यायचा. त्याला वर्ष झालं असेल. आणि मधेच कधीतरी ही टकटक सुरू झाली. पहिल्यांदा वाटलं, चुकून वाजलं. मग रोजच.

ती गेल्यावर सगळं आवरलं, लोक येऊन गेले, फोन येऊन गेले, आणि माझ्या डोक्यात एवढी एकच गोष्ट उरली. ती टेबल का वाजवायची? मला एक भीती होती, ती सांगून टाकतो. मला वाटायचं हा टोमणा आहे. आयुष्यभर उभं ठेवलंत, आता मी बसते, तुम्ही आणा. टोमणा असेल तर असू दे, मला बसायलाच पाहिजे होता. पण टोमणा नसेल तर मग मी तिला शेवटच्या दिवशी कशावरून बोललो? आणि तिनं दुसऱ्या खेपेला हात मागं घेतला, तो काय समजून घेतला?

मुलाला विचारलं. तो म्हणाला, "आबा, हॅबिट असेल. डोंट थिंक टू मच."

सुनेला विचारलं. ती नागपूरची, मनानं सरळ. तिनं खरोखर विचार केला. "आबा, आईंना मेबी म्युझिक आवडत असेल? रिदम वगैरे?"

"तिला? आरतीला टाळ्या उलट्या पडायच्या तिच्या."

मग मी दिवस मोजत मागं गेलो. टकटक कधी सुरू झाली? तर बुधवार सुरू झाल्यावर.

बुधवार म्हणजे चिनी म्हातारी. आमच्या मागच्या गल्लीत राहते. तिच्या कुंपणावर वेल होता. गुडघ्यांसाठी डॉक्टरनं चालायला सांगितलं होतं म्हणून आम्ही तिकडून जायचो, आणि एक दिवस बायको कुंपणापाशी थांबली ती हलेना. "आवं, दोडका!" आतून म्हातारी आली. ही म्हणते दोडका, ती म्हणते तिच्या भाषेत काहीतरी, दोघी एकाच दोडक्याला दोन बाजूंनी धरून उभ्या. दुसऱ्या दिवशी ही तिला शिरांची चटणी देऊन आली. तिसऱ्या दिवशी पाच दोडके आले. मग दर बुधवारी सकाळी दहाला ही तिच्याकडं चहाला जायला लागली. एकीला मराठी येतं, दुसरीला चिनी. इंग्रजी दोघींना मिळून दहा शब्द. पण एक शब्द दोघींचा एकच होता. चा. आमच्या गावाकडं चहाला चा म्हणतात, तिच्याकडंही चा. ही मला घरी येऊन सांगायची, "आवं, ती आपलंच बोलती!"

मला ते आवडलं नव्हतं. खोटं कशाला लिहू? अडतीस वर्षं चहावर ज्यानं घर चालवलं त्याची बायको दुसऱ्याच्या घरी चहाला जाते. आणि परत आली की तोंडावर असं काही तेज, जसं काय मी आजवर गरम पाणी पाजत होतो.

"काय पाजलं आज? गवताचं पाणी?"

"तुमास्नी न्हाई कळायचं."

"दूध?"

"न्हाई."

"साखर?"

"न्हाई ओ."

"मग पिता काय?"

"चा."

एवढंच बोलायची. मी पुढं विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला काय झालं होतं?

तिच्या कपाटात कागदाची एक पुडी सापडली. आत काळी पानं, चुरा नव्हे, अख्खी, दाबून दाबून थापलेली. मी वास घेतला आणि चमकलो. चहाचं नवीन खोकं फोडलं की लाकडाचा, चांदीच्या कागदाचा आणि आत कोंडलेल्या पानाचा मिळून एक वास येतो. तो वास. म्हणजे माल चांगला होता. म्हटलं, बघू तरी ही काय पीत होती. आलं ठेचलं, पाणी उकळलं, मूठभर पानं टाकली, दूध, साखर, तीनदा वर आणला. फडक्यानं गाळला. ओल्या पोत्याला साखर लावून चाटल्यासारखं लागलं. अर्ध्याहून जास्त पुडी मी त्या एका पातेल्यात घालवली. चोथा एवढा निघाला की सुनेनं विचारलं, पालक शिजवला का?

मग ठरवलं, बुधवारी जायचं. सुनेनं फोनमध्ये बोलकं अ‍ॅप घालून दिलं. आपण मराठीत बोलायचं, ते चिनीत सांगतं, आणि उलट. माझ्याकडं म्हातारीचा एक डबा होता, दोडक्याबरोबर आलेला. रिकामा कसा द्यायचा? सुनेनं केलेले बेसनाचे लाडू घातले. आणि माझा चहा थर्मासमध्ये भरून घेतला. तो कशाला घेतला ते मलाही सांगता यायचं नाही. माझ्या चहाची सवत बघायला निघाल्यासारखं मी दुकानच बरोबर घेऊन निघालो.

म्हातारीनं दार उघडलं. माझ्याच वयाची, कापलेले पांढरे केस, अंगात मुलीचा की नातीचा कॉलेजचा स्वेटर. मला बघितलं आणि दाराला धरून नुसती उभी राहिली. बायको गेली तेव्हा ती संत्र्यांची पिशवी घेऊन आली होती आणि सुनेचा हात धरून अशीच उभी होती. मी डबा पुढं केला. तिनं मला आत घेतलं.

टेबलावर फोन ठेवला. ती बोलली. फोन म्हणाला, "बैल उद्या पातळ आहे."

मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. तिनं चष्मा लावला, फोन घेतला, काहीतरी दाबलं. चिनीतही दोन-चार जाती आहेत म्हणे, आणि सुनेनं दुसरीच लावून दिली होती. परत बोलली. फोन म्हणाला, "आपले स्वागत आहे. कृपया आसन ग्रहण करा."

असं मराठी मी कोर्टातसुद्धा ऐकलं नव्हतं. मी आसन ग्रहण केलं.

मग तिनं जे मांडलं ते मी डोळे फाडून बघत राहिलो, कारण धंदा माझा. एक लाकडी पाट, त्याला फटी, खाली पाणी साठायला खण. त्याच्यावर मातीची किटली. किटली केवढी? मोठ्या लिंबाएवढी. कप त्याहून लहान, आपल्याकडं तीर्थाला पळी असते तेवढे. मग कागदात गुंडाळलेली एक काळी वाटोळी थापी काढली.

"गोवरी!" माझ्या तोंडून गेलं.

फोननं तिला काय सांगितलं देव जाणे. तिनं थापीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि खो खो हसली. पण गोवरीच ती. पानं वाफवून, दाबून, थापून वाळवलेली. ती म्हणाली, म्हणजे फोन म्हणाला, घोड्यांवर लादून डोंगरांतून न्यायला सोपं पडावं म्हणून तिच्या देशात पूर्वी अशा थाप्या करायचे, आणि जितकी जुनी तितकी चांगली. जुनी चांगली? माझ्या दुकानात जुना माल सापडला असता तर कारकुनांनी तोंडावर फेकला असता. मी विचारलं, किती जुनी? तिनं पाठीमागच्या फोटोकडं बोट केलं. फोटोत एक म्हातारा होता, टोपी घातलेला. ही थापी त्यानं आणलेली, त्याच्या हयातीतली.

तिनं सुईसारख्या टोच्यानं थापीचा एक तुकडा सोडवला, लिंबाएवढ्या किटलीत टाकला, वरून उकळतं पाणी घातलं, आणि लगेच, मी दहा मोजायच्या आत, सगळं ओतून दिलं. कपात नाही. पाटावर. पाटाच्या कोपऱ्यात मातीचा एक बेडूक बसला होता, त्याच्या डोक्यावर.

"अहो, वाया गेला की!"

फोन म्हणाला, "पहिले पाणी पानांना जागे करते. ते पिण्याचे नाही. ते त्याचे." म्हणजे बेडकाचं. वर्षानुवर्षं चहा पिऊन तो बेडूक चकचकीत तपकिरी झाला होता, आमच्या गावच्या मारुतीसारखा. मला एकदम पटलं. पिंडीवर पाणी घालतो तेव्हा वाया गेलं कुठं म्हणतो आपण?

म्हातारीनं माझ्या नजरेकडं बघितलं आणि फोन बाजूला सारला. तिनं स्वतःच्या छातीशी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, बेडकाला वाकून नमस्कार केला, आणि बोटानं बाजूच्या खुर्चीकडं दाखवलं. त्या खुर्चीवर गुडघ्याखाली घ्यायची उशी होती. बायकोनं पहिल्या दिवशी बेडकाला नमस्कार केला होता. करणारच ती. मला ते न सांगता दिसलं, पदर सावरून केलेला.

दुसरं पाणी घातलं. आता कपात ओतला. पण पहिला कप माझ्यापुढं नाही, तिच्यापुढंही नाही. उठली आणि फोटोपुढं ठेवून आली.

"म्हणजे आधी बेडूक, मग नवरा," मी म्हणालो.

फोननं सांगितलं तिला. तिनं मान डोलावली, अगदी गंभीरपणे. मग हसली. मीही हसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, आणि मला माझाच आवाज परका वाटला.

मग मी प्यालो. दोन घोटांत कप संपला. कडू नव्हता, गोडही नव्हता. धान्याची कणगी उघडल्यावर वास येतो ना, तसा काहीतरी. आधी वाटलं, हे काय पाणी. तिनं तिसरं पाणी घातलं, तेव्हा घशाशी थोडं गोड आलं. चौथ्याला त्याहून वेगळं. त्याच पानांना! माझ्या दुकानात चोथ्यावर दुसरं पाणी घालणाऱ्या चहावाल्याला चोर म्हणायचे. शेजारचा एकजण घालायचा, म्हणून त्याच्याकडं फक्त परगावचे लोक जायचे. इथं ती कौतुकानं सहावं-सातवं पाणी घालते आणि पान दर खेपेला थोडं उलगडतं. शेवटी किटलीचं झाकण काढून दाखवलं, तर आत अख्खं पान, शिरांसकट, झाडावरून आत्ता काढल्यासारखं. मी अडतीस वर्षं चहा विकला, पण चहाचं पान मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मला खूप विचारायचं होतं. जे विचारायला आलो होतो ते विचारायची लाज वाटत होती, म्हणून बाकीचं सगळं विचारलं. हे पहिल्यांदा केलं कुणी? ती म्हणाली, फार पूर्वी एक राजा होता, राजा म्हणा की शेतीचा देव म्हणा. माणसांनी काय खावं, काय खाऊ नये, हे कळावं म्हणून तो प्रत्येक झाडपाला स्वतः चाखून बघायचा. विषं चढायची, उतरायची. एकदा झाडाखाली पाणी उकळत ठेवलं होतं, त्यात वाऱ्यानं पान पडलं. तो प्याला आणि त्याला हुशारी आली. मी म्हटलं, बरं झालं दुसऱ्या झाडाखाली बसला नाही. ती म्हणाली, दुसरीही एक गोष्ट आहे. तुमच्या देशातला एक साधू चीनला गेला, भिंतीकडं तोंड करून ध्यानाला बसला. झोप आली म्हणून रागानं स्वतःच्या पापण्या कापून टाकल्या. त्या पडल्या तिथं चहाचं झाड उगवलं.

"आमचाच?" मी म्हणालो. "असंल. आमच्यात असले हट्टी लई."

मग मी मनातलं दुसरं एक विचारलं. दूध घालून, आलं घालून, खळखळा उकळतो आम्ही, ते चूक का? मला वाटलं ती तोंड वाकडं करेल. पण ती पुढं वाकली. फोननं सांगितलं, "प्राचीन काळी आमच्या पूर्वजांनीही चहा उकळला. त्यात त्यांनी आले, मीठ, संत्र्याची साल आणि कांदा घातला."

"कांदा?"

"कांदा," फोन म्हणाला.

नंतर कधीतरी पानांची पूड करून पाण्यात घुसळायला लागले, आणि त्याच्याही नंतर हे असं, नुसतं पान भिजवणं. म्हणजे उकळणं जुनं आणि त्यांचं हे नवं! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. बायको असती तर मी तिला ओरडून सांगितलं असतं, ऐकलं का, गवताचं पाणी मागनं आलं! त्या आनंदात मी थर्मास काढला. झाकण उघडल्यावर आल्याचा वास सगळ्या खोलीभर. तिचे ते पळीएवढे कप मी ओढले, आणि उभा राहिलो, कारण बसून ओतायची सवय नाही. हात वर नेऊन धार सोडली, दुकानात सोडायचो तशी. एक थेंब सांडला नाही.

म्हातारीचा कप भरला. तिनं फोटोकडं बघत, काही मनात न आणता, उजव्या हाताची दोन बोटं वाकवली आणि टेबलावर वाजवली. टक टक.

माझी पाठ ताठ झाली. थर्मास हातात तसाच राहिला.

"हे काय?" मी म्हणालो. मग फोनच्या तोंडाशी जाऊन मोठ्यानं म्हणालो, "हे बोटांनी काय केलं?"

ती मला बघून घाबरली असावी. हळूहळू बोलली, थांबत थांबत, आणि फोन तिच्या मागून थांबत थांबत सांगत गेला.

"पूर्वी एक सम्राट सामान्य माणसाचे कपडे घालून दक्षिणेकडे प्रवास करीत होता. उपाहारगृहात त्याने स्वहस्ते आपल्या सेवकाच्या पेल्यात चहा ओतला. सेवकाला जमिनीवर मस्तक टेकवायचे होते. परंतु तसे केल्यास सम्राटाची ओळख उघड झाली असती. म्हणून सेवकाने बोटे वाकवली. बोटांनी गुडघे टेकले. आता आम्ही सर्व असे करतो. कोणी चहा ओतला तर."

मी बसलो. आमच्यात नवरा-बायको एकमेकांना थँक्यू म्हणत नाहीत. मुलगा-सून दिवसातून वीस वेळा म्हणतात, तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसायचो. थँक्यू म्हणायला घरातली माणसं काय परकी आहेत? तिला ते तोंडानं म्हणताच आलं नसतं. मेली तरी म्हणाली नसती.

"माझी बायको," मी फोनला सांगितलं, "तिला तुम्ही शिकवलं?"

म्हातारीनं उत्तर फोनला दिलं नाही. तिनं खिडकीतून आमच्या घराच्या बाजूला बोट दाखवलं. मग उभी राहिली, तोंड जरा आंबट केलं, भुवया जवळ आणल्या, म्हणजे मी झाली, आणि एक हात वर नेऊन वरून खाली लांब धार सोडली. किटलीसुद्धा दिसली मला तिच्या हातात. मग खुर्चीत बसली, उशीवर हात फिरवला, पदर सारखा केला, म्हणजे बायको झाली, आणि दोन बोटं वाकवून टेबलावर वाजवली. मग माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. ते म्हणजे, असं करू का मी घरी?

बायको म्हातारीला हे विचारत होती. या टेबलावर बसून. आणि घरी येऊन करत होती, रोज चार वाजता, आणि मला सांगत नव्हती. तुमास्नी न्हाई कळायचं.

फोन मधेच कशानं तरी जागा झाला आणि म्हणाला, "क्षमस्व, मला समजले नाही."

म्हातारीनं माझा कप भरला, तिच्या चहानं. मला बोटं वाजवायची होती. ती वर येईनात. हात मांडीवर होता, तिथंच राहिला. तिनं काही मनावर घेतलं नाही. माझा चहा तिनं मात्र दोनदा मागून घेतला, आणि दुसऱ्या खेपेला थोडा बेडकालाही दिला. दुधाचा. पुसायला लागणार नंतर, चिकट होतो तो. मी तसं सांगितलं. तिनं हात उडवला, असू दे.

निघताना तिनं थापीचा एक तुकडा कागदात बांधून दिला, आणि फोनला काहीतरी बोलली. फोन म्हणाला, "कृपया यामध्ये दूध घालू नका." म्हणजे मी पातेल्यात काय उद्योग केला होता तो तिला कळला होता की नुसता अंदाज, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा टेबलाला बसलो. सकाळचा चहा सून करते. मुलगा विमानानं कुठं गेला होता. तिचा लॅपटॉप उघडा, कानात ते बटण, केस ओले, एका हातानं टोस्ट, दुसऱ्या हातानं माझ्या कपात चहा. बायको असताना ती असाच दोघांना ओतायची. मला कधी त्याचं काही वाटलं नव्हतं. सून आहे, ओतणार.

कप भरला. मी दोन बोटं वाकवली आणि टेबलावर वाजवली. नीट जमली नाहीत, सांधे आखडलेत, एकच वाजलं.

ती दचकली. कानातलं बटण काढलं. "काय झालं आबा? शुगर कमी झाली का चहात?"

"न्हाई."

"मग बिस्किट हवंय? देते ना, एक मिनिट."

"बिस्कीट नको. बस जरा."

"आबा, मला नऊला कॉल आहे. संध्याकाळी बसू या ना, प्रॉमिस."

"संध्याकाळी न्हाई," मी म्हणालो. "आत्ता बस. तुझ्या कॉलला सांग, सासरा बोलतोय."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, लॅपटॉपवर दोन शब्द टाइप केले, झाकण लावलं आणि खुर्ची ओढून समोर बसली. मी आधी किटली घेतली आणि तिच्या कपात चहा ओतला, काठापर्यंत. मग सांगायला लागलो. बेडकापासून सुरुवात केली.